खुलं बंद, चार सेंटीमीटर

...आणि वर मलाच म्हणतात, "टाळ्या तूपण वाजवल्यास की!" अहो, वाजवल्या! नाही कुठे म्हणतोय मी! शेजारचे वाजवत होते म्हणून वाजवल्या, हॉलमध्ये गारठा होता म्हणून वाजवल्या, म्हणजे काय माणसाने स्वतःला लिहून दिलं? तुम्हाला सांगतो, दिलं. आमच्या वीर्सम गावात टाळी ही टाळी नसते, ती सही असते. इथे हात वर करून कुणी मत देत नाही, चिठ्ठ्या नाहीत, मोजणी नाही, अध्यक्ष नाव घेतात, हॉल टाळ्या वाजवतो, की झाली निवड. ज्याची निवड झाली तो तोंड उघडेपर्यंत सूप वाढायला सुरुवात झालेली असते!

कसली निवड विचारा. बर्फसंस्थेची. गावाच्या कडेला आमचं एक खोलगट कुरण आहे, हिवाळा आला की त्यात गुडघाभर पाणी सोडायचं, ते गोठायची वाट बघायची, आणि गोठलं की सगळ्या गावाने पायात स्केट चढवून त्यावर गोल गोल फिरायचं. एवढंच. मागच्या दहा हिवाळ्यांत ते धड गोठलं तीनदा. तीनदा! पण संस्था बारा महिने. बैठका बारा महिने. भर जुलैत, बाहेर गाई सावली शोधतायत आणि आत आठ म्हातारी माणसं कॉफी पीत बर्फाच्या झाडूंवर चर्चा करतायत. कॉफीबरोबर एक बिस्किट. एकच. ते उचललं की डबा बंद. त्या डब्याचं झाकण लागल्याचा आवाज मला आता झोपेतसुद्धा ओळखू येतो.

तर तीन वर्षांपूर्वी मी नुकतंच लेउवार्डन शहरातलं कॉलेज सोडलं होतं. नापास नाही झालो, सोडलं. दुसऱ्या वर्षी एक प्राध्यापक सलग दोन तास स्वतःच्याच स्लाइड स्वतःच वाचत बसले होते, मी उठलो, जॅकेट घातलं आणि बाहेर पडलो, तो परत गेलोच नाही. घरी मेमचं तोंड हे एवढं. मेम म्हणजे माझी आई, आमच्याकडे आईला मेमच म्हणतात, आणि ही मेम नुसती आई नाही, बर्फसंस्थेची सचिवपण आहे, एकोणीस वर्षं, इतिवृत्ताची वही तिच्या उशाशी असते. तर मेम म्हणाली, चल सभेला, नंतर मटाराचं सूप आहे. आणि मी गेलो. सुपासाठी! इतकं दाट असतं की चमचा उभा राहतो त्यात... त्या चमच्यापायी मी आडवा झालो.

सभेत गोसेकाका उभे राहिले. गोसेकाका म्हणजे अध्यक्ष, वय चौऱ्याहत्तर, गावातल्या शाळेचे हेडमास्तर होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली पण कुणी अजून त्यांना ते सांगितलेलं नाही. ते म्हणाले, "वेबसाइट समिती. कोण?" सगळा हॉल बुटांकडे बघायला लागला. आणि मेम, माझी सख्खी मेम, वहीतून मान वर न करता म्हणाली, "आमचा रीमर कॉम्प्युटर शिकलाय."

"सोडलं मी ते," मी म्हटलं.

"सोडलंस?" गोसेकाकांचा चेहरा असा उजळला! "म्हणजे वेळच वेळ!"

टाळ्या. आणि तेव्हा मी वाजवल्या. सांगितलं ना, सगळे वाजवत होते! बघतो तर मेम लिहितेय, "टाळ्यांच्या गजरात निवड, तीन वर्षांसाठी." मी विचारलं, समितीत कोण कोण आहे? तर म्हणे, "तू." बरं, आणि? "आणि तू."

तुम्ही म्हणाल, एवढं काय, सोडून दे. सोडून दे! आमच्याकडे आत यायला दोन सेकंद लागतात, पण बाहेर जायचं तर, मुदत संपली तरी, आधी आपल्या जागी बदली माणूस आणून उभा करावा लागतो. नाही मिळाला, तर काम जातं सचिवाकडे. म्हणजे कुणाकडे? मेमकडे! जी मेम दाराची बेलसुद्धा दोनदा दाबते, कारण कुणीतरी तिला सांगून ठेवलंय की डबल क्लिक करायचं असतं. तिच्या गळ्यात ही वेबसाइट घालून मी निघून जाऊ? एवढा नालायक मी नाही. नालायक आहे, पण एवढा नाही.

आणि मला जायचं होतं हो. खरंच जायचं होतं. नॉर्वेत, एका फ्योर्डच्या, म्हणजे समुद्राच्या लांब खाडीच्या, काठाला लाकडी होड्या बांधायचा कारखाना आहे, तिथे शिकाऊ म्हणून जागा मिळाली होती मला. लाकूड! हातात धरता येतं, ठोकलं की आवाज येतो, आणि होडी तरंगते का बुडते ते सगळ्यांना एकसारखं दिसतं. मालक फोनवर म्हणाला होता, "सोमवारी सकाळी आठ वाजता दारात असशील तर जागा तुझी. नऊला असशील तर दुसऱ्याची." आणि माझी तीन वर्षं संपत होती त्याच्या आदल्या शनिवारच्या वार्षिक सभेत. गणित कसं चोख बसलं होतं बघा. शनिवारी सुटायचं, रविवारी बोट, सोमवारी नॉर्वे.

फक्त तेवढा ब्लॉक राहिला होता.

हां, तो ब्लॉक. आता ब्लॉक म्हणजे काय, तर वेबसाइटचं पान हल्ली विटा रचल्यासारखं रचतात, एक वीट फोटोची, एक मजकुराची, आणि पाहिजे तसली वीट बाजारात नसली तर आपली आपण भाजायची. गोसेकाकांना पाहिजे होता बर्फफलक. कुरणाच्या फाटकावर आमचा एक जुना लाकडी फलक आहे, एका बाजूला हिरव्यात "खुलं", दुसऱ्या बाजूला लाल "बंद", सकाळी तो फिरवायचा. तसाच फलक वेबसाइटवर. आत एडिटरमध्ये बर्फाची जाडी टाकायची, सात सेंटीमीटर किंवा वर असेल तर "खुलं", कमी असेल तर "बंद". दोन्ही शब्द ब्लॉकमध्ये लिहिलेले असणार, आणि एक छोटीशी स्क्रिप्ट जाडी वाचून नको तो शब्द झाकणार. रंग देणार स्टाइलची फाईल. एका संध्याकाळचं काम! केलं मी. डिसेंबरात संस्थेच्या खोलीत गोसेकाकांनी आपल्या टॅबलेटवर ते बघितलं, दोन टाकलं तर लाल, नऊ टाकलं तर हिरवं, परत दोन, परत नऊ, लहान मुलासारखे खेळले, आणि म्हणाले, "माझ्याकडे दिसतंय. मंजूर." टाळ्या.

आता इथेच तर गाढवपणा झाला, आणि तो माझा झाला, मी नाही म्हणत नाही. हे बघा, आमच्या देशात खिडक्यांना पडदे ओढत नाहीत. रस्त्यावरून जाणाऱ्याला समोरची खोली अख्खी दिसते, म्हणून ती खोली चकाचक, कुंड्या बिंड्या, आणि खरा पसारा मागे स्वयंपाकघरात. वेबसाइटचं तेच. एडिटर म्हणजे मागचं स्वयंपाकघर, तिथे आपण बसून ब्लॉक मांडतो. आणि लोकांना दिसतं ते पान म्हणजे समोरची खिडकी. ब्लॉक बनवताना एका यादीत लिहून द्यावं लागतं की बाबा, ही फाईल स्वयंपाकघरात लोड कर, ही खिडकीत कर, ही दोन्हीकडे. मी दोन्ही फायली, स्टाइल आणि स्क्रिप्ट, दोन्ही, लिहिल्या स्वयंपाकघराच्या रकान्यात. म्हणजे ब्लॉक आत सजूनधजून बसलेला, आणि खिडकीत उभा... उघडानागडा! पडदे नसलेल्या देशात!

आणि मला कळलं कसं नाही? कळणार कसं! तीन वर्षं ज्याला ज्याला म्हणून मी काही दाखवलं त्याने ते आतच बघितलं. गोसेकाका तर एडिटरमधून कधी बाहेरच पडलेले नाहीत. त्यांना वाटतं तीच वेबसाइट. मागे एकदा विचारतात, "रीमर, आपल्या वेबसाइटवर सगळीकडे ही अधिकच्या चिन्हाची बटणं कशाला ठेवलीयस रे?" मी म्हटलं, काका, तुम्ही आत आहात. म्हणतात, "अर्थात मी आत आहे, अध्यक्ष आहे मी."

तर सभेच्या त्याच आठवड्यात, मंगळवारपासून थंडी पडली. खरी थंडी, नाकातले केस कडक होतात तसली. गावाला वेड लागलं. माळ्यावरून स्केट उतरले, दुकानातले धार लावायचे दगड संपले. गुरुवारी सकाळी बर्फमास्तर ऊड्सकाका कुरणावर गेले. ऊड्सकाका म्हणजे एकोणऐंशी वर्षांचे, चाळीस हिवाळे हातात तीच गिरमिट आणि तीच खुणेची काठी, दिवसाला चार शब्द बोलतात, त्यातले दोन कुत्र्याशी. भोक पाडलं, काठी घातली, मला फोन केला. "चार." फोन बंद. मी एडिटरमध्ये चार टाकलं, आत लाल "बंद" उमटलं, मी खुशीत कॉफी ओतली.

आणि फोन सुरू झाले.

खिडकीत काय दिसत होतं माहितीये? काळ्या अक्षरांत, एका ओळीत, ना रंग ना चौकट: "खुलं बंद ४ सेंटीमीटर." बस. अख्ख्या गावाच्या मोबाइलवर! आणि गाव दोन तुकड्यांत फुटलं हो, ज्यांनी पहिला शब्द वाचला ते, आणि ज्यांनी दुसरा वाचला ते. बेकरीवाली म्हणते, "अरे, खुलं पण आहे आणि बंद पण आहे, म्हणजे अर्ध्यात फिरायचं का?" शाळेतून फोन, "आमच्या पोरांना घेऊन येऊ की नको, एक काहीतरी सांगा." ऊड्सकाकांनी परत फोन केला, आणि त्या दिवशी ते चक्क एक वाक्य बोलले, "चाळीस वर्षं मी एकच शब्द सांगतोय, तू दोन कशाला सांगतोस?"

मी धावत गोसेकाकांकडे. म्हटलं, काका, बाहेर गोंधळ झालाय, ब्लॉक नीट दिसत नाहीये. त्यांनी टॅबलेट काढला, हात लांब करून धरला, चष्मा वर केला, चष्मा खाली केला.

"माझ्याकडे तर दिसतंय! लाल. बंद. स्पष्ट."

"काका, तुम्ही आत बघताय. लोक बाहेर बघतात."

"मग लोकांना सांग आत येऊन बघा!"

आता ह्याला काय बोलणार? ह्या माणसाने मला सहावीत भागाकार शिकवलाय!

मग मी... घाईत होतो हो. शनिवार डोक्यावर. म्हटलं, फायली खिडकीत लोड होत नाहीयेत ना, तर करून टाकू सरसकट! कुठला ब्लॉक कुठल्या पानावर आहे बघत कोण बसतंय, एक ओळ लिहिली, वेबसाइटच्या प्रत्येक पानावर ही स्टाइल आणि ही स्क्रिप्ट लोड कर. पहिलं पान बघितलं. लाल, बंद, चार. छान! कॉफी प्यायलो.

तुम्हाला सांगतो, असं कधी म्हणजे कधी करू नका. ती स्क्रिप्ट काय करत होती? पानावरचा पहिला आकडा शोधायचा, ती जाडी समजायची, आणि पानावर फलक नसेल तर वर स्वतःच एक उभा करायचा, सात किंवा जास्त असेल तर भलामोठा हिरवा. जिथे बर्फफलक आहे तिथे ठीक. पण आता ती निघाली गावभर! कार्यकारिणीच्या पानावर पहिलं वाक्य, "अध्यक्ष गोसे, वय ७४." वर हिरवागार फलक: "खुलं! ७४ सेंटीमीटर." नव्या सभासदांच्या पानावर पोस्टमनचं तीन आठवड्यांचं बाळ, वर लाल: "बंद." आणि श्रद्धांजलीचं पान... बघा, आमचे जुने खजिनदार लोल्केकाका नोव्हेंबरात गेले. एक्याण्णव वर्षांचे. पानावर त्यांचा फोटो, टाय घातलेला, दोन्ही बाजूंना फुलं, आणि कपाळावर हिरवा फलक. "खुलं! ९१ सेंटीमीटर."

मला मेमने सांगितलं, शौक्येकाकूंचा फोन होता, लोल्केकाकांच्या विधवेचा. म्हटलं, रडत होत्या का? तर मेम म्हणते, "नाही. म्हणाल्या, पंचावन्न वर्षं संसार केला, माणूस कायम बंद. गेल्यावर का होईना, खुलला. राहू दे म्हणाल्या तो फलक."

मी परत गोसेकाकांकडे, हात जोडून. काका, जरा बाहेरून बघता का, फक्त एकदा, ह्या माझ्या मोबाइलवर? त्यांनी माझा मोबाइल हातातसुद्धा घेतला नाही. आपला टॅबलेट बघितला. "माझ्याकडे तर दिसतंय! नीट दिसतंय. तुझ्या फोनचं काहीतरी बिघडलंय." आणि बिस्किटाचा डबा पुढे केला. एक घेतलं. झाकण लागलं.

शुक्रवारी सकाळी मी शांतपणे बसलो. सरसकटची ओळ उडवली. यादी उघडली. आणि जे डिसेंबरात करायला हवं होतं ते केलं: स्टाइल दोन्हीकडच्या रकान्यात, स्क्रिप्ट खिडकीच्या रकान्यात. म्हणजे जिथे ब्लॉक आहे त्याच पानावर ती लोड होणार, दुसरीकडे पाऊल टाकणार नाही. तीन ओळी! ह्या तीन ओळींसाठी गाव फुटलं, मेलेला माणूस खुलला! लोकांच्या मोबाइलमध्ये जुनी फाईल अडकून राहू नये म्हणून फाईलचा आवृत्ती क्रमांक एकाने वाढवला, बेकरीवालीच्या फोनवर तपासलं, शाळेच्या फोनवर तपासलं. लाल. बंद. चार सेंटीमीटर. एकच शब्द. मी ऊड्सकाकांना फोन करून म्हटलं, एकच शब्द दिसतोय आता. ते म्हणाले, "हं." त्यांच्याकडून "हं" म्हणजे हारतुरे.

पण मी स्क्रिप्ट खिडकीत ठेवली ना? स्वयंपाकघरातून उचलून ठेवली. म्हणजे स्वयंपाकघरात आता स्क्रिप्ट नाही. म्हणजे आत, एडिटरमध्ये, नको तो शब्द झाकायला कुणीच नाही. म्हणजे आत आता दोन्ही शब्द, आणि स्टाइल मात्र दोन्हीकडची, त्यामुळे मस्त रंगीत, आधी हिरवंगार भलंमोठं "खुलं", आणि त्याच्या खाली लाल "बंद."

आणि आत कोण असतं?

दहा वाजता गोसेकाकांनी टॅबलेट उघडला. आता हा माणूस मूळचाच पहिला शब्द वाचणारा. शिवाय आमच्याकडे रीत आहे, बर्फ खुलं झालं की पहिली फेरी अध्यक्षांची. सात वर्षं अध्यक्ष आहेत, आणि त्यातल्या पाच हिवाळ्यांत पाणीच होतं. त्यांनी "खुलं" बघितलं, खाली स्क्रोल केलं नाही, संस्थेची निळी टोपी घातली, स्केट घेतले, आणि सायकलवरून कुरणावर.

मी पोचलो तेव्हा काठावर पंचवीसेक माणसं उभी होती, सगळ्यांच्या हातात मोबाइल, सगळ्यांवर लाल. आणि गोसेकाका बाकावर बसून स्केटच्या नाड्या बांधतायत!

बेकरीवाली ओरडली, "काका, बंद आहे हो!"

"कोण म्हणतं?"

"वेबसाइट म्हणते!"

गोसेकाकांनी टॅबलेट उंच धरला, सगळ्या कुरणाला दिसेल असा, आणि हेडमास्तरच्या आवाजात म्हणाले, "माझ्याकडे तर दिसतंय! खुलं!"

आणि सगळा काठ, पंचवीसच्या पंचवीस माणसं, एका सुरात, "आमच्याकडे दिसतंय की! बंद!"

मी ओरडत धावलो, काका, तुम्ही आत आहात, आत आहात तुम्ही! ते वळून म्हणाले, "अजून नाही," आणि पाय टाकला. एक पाऊल, दोन पावलं, टोपी सरळ केली, हात पाठीमागे बांधले, काय ऐट होती हो, खरंच सांगतो, क्षणभर मलापण वाटलं की जमतंय... आणि कर्रर्र. सरळ खाली. गुडघ्यापर्यंत. गुडघाभरच पाणी, म्हणून काही झालं नाही, नाहीतर मी हे तुम्हाला हसत सांगत नसतो. ते तिथेच उभे, पाठीमागे हात तसेच, टोपी तशीच, गुडघ्याभोवती बर्फाचे तुकडे तरंगतायत. ऊड्सकाका सावकाश चालत काठापर्यंत गेले, काठी पाण्यात घातली, वर काढली, खूण बघितली.

"चार," ते म्हणाले. आणि मग गोसेकाकांकडे बघून, "आता तुम्ही आत आहात."

शनिवार. दुपारी तीनला सभा. बॅग मी दाराशी बांधून ठेवली होती, मेम सभेला निघताना तिला वळसा घालून गेली. सकाळभर मी बदली माणूस शोधत फिरलो. बेकरीवाली म्हणाली पीठ मळायला पहाटे तीनला उठते, कधी करू. पोस्टमनला नुकतं मूल झालेलं, तो म्हणाला मी झोप म्हणजे काय ते विसरलोय. शेवटी ऊड्सकाकांनाच विचारलं, ते म्हणाले "नाही" आणि कुत्र्याला घेऊन गेले. कुणी नाही.

मग मी ठरवलं, बोलायचं. तीन वर्षांत एकदाही बोललो नव्हतो. उभा राहिलो, आणि तुम्हाला सांगतो, जे आलं ते आलं! म्हटलं, तुम्ही सगळे आत बसलेले लोक आहात. वीस वर्षं ह्याच खोलीत बसून, ह्याच टॅबलेटवर, हेच बिस्किट खाऊन म्हणताय, आमच्याकडे तर दिसतंय! बाहेर जाऊन कुणी बघितलं? बाहेर तरुण पोरं का येत नाहीत विचारता, अहो, आली की तुम्ही टाळ्या वाजवता आणि दार लावून घेता! एखादी स्क्रिप्ट असते ना, ती जिथे काम आहे त्याच पानावर लोड करायची असते. तुम्ही मला सगळ्या पानांवर लोड केलंय! वेबसाइट रीमर, प्रोजेक्टर रीमर, पाण्याचा पंप रीमर, गोसेकाकांच्या सुनेचा प्रिंटर रीमर! तेवीस वर्षांचा आहे मी, ९१ सेंटीमीटर व्हायची वाट बघायची का मी खुलण्यासाठी? सोमवारी आठ वाजता मला नॉर्वेत एका दारात उभं राहायचंय. मला जाऊ द्या.

असं म्हटलं. अगदी असंच. टाचणी पडली असती तर इतिवृत्तात गेली असती. गोसेकाका, पायात लोकरीचे दोन दोन मोजे, डोळे पुसत होते. शौक्येकाकू माझ्याकडे बघून मान डोलावत होत्या. आणि मला वाटलं, झालं! समजलं ह्यांना! सुटलो!

आणि टाळी वाजली.

एक. मग दुसरी. मी वळून बघितलं कोण ते. मेम! तीन वर्षांत मी कधी तिला सभेत पेन खाली ठेवताना बघितलं नव्हतं. तिने पेन ठेवलं होतं, वही मिटली होती, आणि दोन्ही हातांनी वाजवत होती. मग गोसेकाका. मग सगळा हॉल, उभं राहून, ऊड्सकाकासुद्धा, कुत्रा भुंकायला लागला...

मी ओरडलो, "थांबा! अहो, थांबा! टाळ्या भाषणाला आहेत ना? भाषणालाच आहेत ना?"

गोसेकाका रुमाल खिशात कोंबत म्हणाले, "रीमर, गेल्या कित्येक वर्षांत इथे इतकं मनापासून कुणी बोललं नाही. वेबसाइट समिती, पुढची तीन वर्षं. कुणाची हरकत?"

"माझी!"

पण टाळ्यांत ऐकू कुठे जातं? सूप वाढायला सुरुवात झाली होती.

मी मेमजवळ गेलो. तिने वही उघडली होती, लिहीत होती, तेच तिरपं अक्षर. म्हटलं, "मेम, तू तरी लिहू नकोस."

"जे घडतं ते मी लिहिते."

"पहिली टाळी तू वाजवलीस."

"भाषण चांगलं झालं रे," ती म्हणाली. वर बघितलं नाही. मग पेन कागदावर तसंच धरून म्हणाली, "सुपात आज डुकराचं मांस जास्त घातलंय. तुला आवडतं म्हणून."

आता ह्यावर ओरडणार कसं, सांगा मला. मी म्हाताऱ्यांना तोंडावर बोलणारा माणूस आहे, हॉलभर बोललो, पण त्या एका वाक्यावर मी वाडगा पुढे ओढला. बसलो. जेवलो. चमचा उभा राहिला.

नॉर्वेच्या मालकाला रविवारी फोन केला. तो फार चांगला माणूस आहे, रागावला नाही, म्हणाला, "काही हरकत नाही, यादीत दुसरा मुलगा आहे." मग म्हणाला, "पण तू तो वेबसाइटवाला ना? आमच्या पानावर होड्यांचा एक ब्लॉक आहे, गिऱ्हाईक म्हणतात दिसत नाही. माझ्याकडे तर दिसतंय." मी तीन ओळी पाठवल्या. आता तिथेही मीच आहे. नॉर्वेत पोचलो म्हणायचं!

तो सोमवार जाऊन दोन आठवडे झाले. बर्फ वितळलं, बॅग अजून दाराशी आहे, मेम रोज तिला वळसा घालून जाते. आणि ब्लॉक आता कसा चाललाय विचाराल, तर स्क्रिप्ट आत पण घातली, बाहेर पण घातली, दोन्हीकडे एकच शब्द दिसतो. अडकलोय तो फक्त मी.

तर... एवढंच होतं. संपलं माझं. तुम्ही शांतपणे ऐकलंत, बरं वाटलं. आता एक विनंती आहे, हात जोडून. जाताना उठा, खुर्च्या सरकवा, खोका, काय हवं ते करा, फक्त तेवढं... नका. हात खिशात. हां, असे. ताई, तुमचेसुद्धा. छान.

...मागून कोण वाजवतंय?

मेम!

...झालं. लिहा. तीन वर्षं.